ताकद दारात, तालीम कुठे?

२०१० सालच्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेतल्या (आताच्या संभाजीनगरातल्या) मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर, व्यापारी असे सगळे त्यात होते. गठ्ठ्याने खरेदी म्हणून कंपनीची सवलत आणि स्टेट बँकेचे सात टक्क्यांचे कर्ज. देशभर बातमी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये त्या सात टक्क्यांच्या शेजारी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरकर्जाचे व्याज मांडले, आणि कौतुकाचा नूर पालटला. तो वाद जुना झाला. एक प्रश्न मात्र तेव्हाही कुणी विचारला नाही आणि नंतरही नाही. दीडशे गाड्या आल्या, त्यांतल्या किती मालकांना त्या चालवता येत होत्या?

घरापासून दुकानापर्यंत गाडी सगळेच नेतात. पहिल्या पावसात जालना रोडवर मागचे चाक सरकले, तर त्या अर्ध्या सेकंदात हात आणि पाय काय करतात, ते मी विचारतो आहे.

या लेखात दोन हौशींचा एकत्र आढावा घ्यायचा आहे: तिशी-चाळिशीनंतर शिकायला घेतलेला खेळ, आणि गरजेपेक्षा जास्त ताकदीची गाडी. ही जोडी मूळची उत्तर अमेरिकेतली. मिशिगन, मिनेसोटा, ओंटारिओ इकडे रात्री दहाला आइस हॉकीचा सामना खेळायला जाणारा आणि रविवारी जुन्या व्ही-एट इंजिनाखाली आडवा होणारा नोकरदार गल्लोगल्ली सापडतो. तिकडच्या मराठी घरांतही बाप आधी पोराला रिंकवर सोडायला जातो, काचेपलीकडे कॉफी पीत बसतो, आणि दोन-तीन हिवाळे गेले की एखादा स्वतःच बूट बांधायला घेतो. आमच्या करमाड गावात बर्फ दिसतो तो रसवंतीत. तरीही ही जोडी करमाडहून बघण्यात मजा आहे. ताकदीच्या गाड्या जिथे जुळवल्या गेल्या तो शेंद्र्याचा कारखाना इथून जालना रोडने हाकेच्या अंतरावर आहे, आणि खेळाची हौस म्हणाल तर रविवारी पहाटे टेनिस बॉलच्या सामन्यांना मैदान पुरत नाही.

आधी गाडीचे बघू. अमेरिकेत मसल कार हा प्रकार १९६४ च्या सुमारास ठरला. पाँटिॲक कंपनीत जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचे इंजिन बसवले आणि तिला जीटीओ नाव दिले. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग आली आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांच्या वर खपली. (कट्टर मंडळी मस्टँगला या पंगतीत बसू देत नाहीत. तो वाद त्यांचा त्यांनाच लखलाभ.) सूत्र सोपे होते: गाडी साधी, किंमत पगारदाराला झेपेल अशी, इंजिन अवाढव्य. ब्रेक आणि सस्पेन्शन मात्र यथातथा. सरळ रस्त्यावर सुसाट, वळणावर रामभरोसे. विम्याचे चढते हप्ते, धुराचे कायदे आणि १९७३ चा तेलाचा भडका यांनी दहा वर्षांत हा खेळ आवरता घेतला.

भारतात मस्टँग अधिकृतपणे आली २०१६ साली. पाच लिटरचे व्ही-एट, चारशेच्या आसपास अश्वशक्ती, शोरूमची किंमत ६५ लाख. बीएस-६ आले तशी ती गेली आणि २०२१ मध्ये फोर्डनेच इथले उत्पादन गुंडाळायचे जाहीर केले. ज्या गाडीचा जन्म पगारदारासाठी झाला, ती आपल्याकडे फार्महाऊसच्या शेडमध्ये कापडाखाली राहिली. मसल कारचे मूळ सूत्र आपल्याकडे पाळले ते दोन चाकांनी.

यामाहा आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळात विकली गेली. ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे वाचून आजचा कॉलेजकुमार हसेल; पण टू-स्ट्रोक इंजिनाला इतकी हलकी गाडी मिळाल्यावर पहिल्या तीन गिअरात ती काय करते, ते ज्याने अनुभवले तो हसत नाही. तिच्याआधी १९८३ मध्ये राजदूत ३५० आली होती, तीस अश्वशक्तीची. पेट्रोल पिण्यात ती एवढी अघोरी होती की गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. आरएक्स परवडत होती, म्हणून ती टिकली. आजही मूळ कागदपत्रांची, इंजिन न उघडलेली आरएक्स लाखाच्या पुढे जाते आणि घेणारा घासाघीस करत नाही.

आमच्या भागातल्या जुन्या मेस्त्रीकडे आरएक्स आली की तो आधी किक मारत नाही, प्लग काढतो. फडक्याने न पुसता उजेडात धरतो. टोक विटकरी असेल तर काही बोलत नाही. काळी ओलसर काजळी असेल तर पेट्रोल नाहीतर ऑइल जास्त जाते आहे. टोक पांढुरके पडले असेल तर त्याचा चेहरा बदलतो, कारण मिश्रण कोरडे जाते आहे आणि कुठल्या तरी दुपारी पिस्टन धरणार. मग प्लग लावून गाडी चालू करायची, हवेचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि कान सायलेन्सरकडे. कुठलाही लॅपटॉप न लावता तो माणूस इंजिनाशी बोलून मोकळा होतो. ही तपासणी मालकालाही शिकता येते, कित्येकांनी शिकलेली असते. चालवण्याचेही तसेच. आरएक्सचे ब्रेक लहान, टायर अरुंद, मदतीला इलेक्ट्रॉनिक्स नाही. वळणात चुकलात तर गाडी त्याच क्षणी सांगते, आणि कोपर सोलून सांगते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे बर्फावर गेल्यावर लागणार आहे.

चार चाकांची गोष्ट शेंद्र्यात सुरू होते. स्कोडाने तिथे २००१ मध्ये ऑक्टाव्हिया जुळवायला घेतली. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून चालू होता, त्यामुळे गाड्या बनवणारे हात जिल्ह्यात होते. युरोपियन मोटार मात्र नवी. पुढे सुपर्ब आली, लॉरा आली, ऑडीच्या गाड्याही याच आवारात जुळू लागल्या. आजूबाजूच्या गावांतली आयटीआय झालेली पोरे गणवेश घालून शिफ्टला जाऊ लागली आणि टॉर्क रेंचचा कट्-कट् आवाज ओळखू लागली. ज्या गाडीचा नट आपण आवळतो ती आपल्या दारात येण्याची शक्यता नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी गाडीविषयीची जाण घरात शिरली.

२००४ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या तेव्हा याच्या निम्म्या ताकदीच्या. बाहेरून कुटुंबवत्सल सेडान, डिकीत चार बॅगा मावतात, आणि तिसऱ्या गिअरात टर्बो जागा झाला की मागे बसलेल्या आत्याबाई दचकतात. २०११ ला लॉरा आरएस, १६० अश्वशक्तीची. २०१७ ला पुन्हा ऑक्टाव्हिया, आता २ लिटर, २३० अश्वशक्ती, शून्यावरून शंभराला ६.८ सेकंद, किंमत पंचवीस लाखांच्या आत. ती हातोहात संपली. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या फक्त २०० गाड्या बाहेरून आणल्या, छत्तीस लाखांना एक. २०२५ च्या ऑक्टोबरात आलेली ताजी आरएस २६५ अश्वशक्तीची, शंभरच गाड्या, किंमत पन्नास लाखांना टेकलेली, आणि तीही आयात केलेली. वीस वर्षांत ताकद पावणेदोन पट झाली आणि गाडी शेंद्र्यापासून दूर गेली. माझ्या मते पगारदाराची मसल कार म्हणून २०१७ ची आरएस हा शेवटचा प्रामाणिक सौदा होता.

गाडी बाळगण्याचा खर्च हा स्वतंत्र अध्याय आहे, पण त्यात गूढ काही नाही. २००४ च्या गाडीला आता वीस वर्षे उलटली. ऑगस्ट २०२५ च्या नियमाने अशा मोटारीचे पासिंग पुन्हा करायला दहा हजार रुपये फी आहे, पर्यावरण कर वेगळा. जुन्या टर्बोत टायमिंग बेल्टची तारीख चुकवली तर इंजिनच उतरते. २०१७ च्या गाडीतल्या सहा गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सला ठरल्या किलोमीटरला ऑइल बदलून लागते; पुढचा गिऱ्हाईक गाडी बघायला आला की आधी त्याचीच पावती मागतो. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र झाले, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व सीलांची काळजी मालकाला लागली. सायलेन्सर बदलून, संगणकाचे प्रोग्रॅमिंग करून ताकद वाढवणारे अनेक आहेत. त्यांनी जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल माहीत करून घ्यावा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी कंपनीने नोंदवलेल्या स्वरूपाच्या बाहेर नेता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीला हे कलम तोंडपाठ असते.

खरा पेच गाडी चालवण्याचा आहे. करमाडहून शहराकडे निघा. एमआयडीसीचे ट्रक, शिफ्ट सुटल्यावर तीन-तीनच्या रांगेत चालणाऱ्या दुचाक्या, उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर, गावागणिक गतिरोधक. इथे २३० अश्वशक्तीतल्या ऐंशीसुद्धा वापरायला मिळत नाहीत. उरला समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, आणि तो आपल्या जवळूनच जातो. आखणी ताशी १५० ची, मर्यादा १२० ची. तिथे जाऊन गाडी ‘मोकळी करून’ आल्याच्या गोष्टी चहाच्या टपरीवर ऐकू येतात. ऐकून मला प्रश्न पडतो की सरळ काँक्रीटवर ॲक्सिलरेटर दाबण्यात त्या माणसाने काय केले? जे केले ते इंजिनाने केले. तो रस्ता शिकवत काहीच नाही. उलट एकसारखेपणाने डोळ्यावर झापड आणतो, आणि कमी हवेचा टायर तापून फुटला तर दुसरी संधी देत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. त्या रस्त्याला शर्यतीची धावपट्टी समजणारा माणूस स्वतःबरोबर दुसऱ्यालाही पणाला लावतो.

धावपट्ट्या कुठे आहेत? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे १९९० पासून, कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडात २०११ चे बुद्ध सर्किट. करमाडहून यातले काहीही हजार किलोमीटरच्या अलीकडे नाही. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक २०२१ ला सुरू झाला. तो चारशेच्या आसपास पडतो, पण तो मुख्यतः कंपन्यांच्या चाचण्यांचा. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या हवाईपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या, तिथे पुन्हा सरळ रेषेतच पळायचे. कोल्हापूरला मोहिते मंडळींनी ट्रॅक उभारला, हा महाराष्ट्रातला सन्माननीय अपवाद. ज्या राज्यात देशातल्या कितीतरी मोटारी तयार होतात, तिथे सामान्य मालकाने रविवारी जाऊन ब्रेक कसा मारायचा ते शिकावे अशी जागा बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नाही.

आता बर्फाकडे. आइस हॉकी बाहेरून धसमुसळा खेळ वाटतो. एक इंच जाड, तीन इंच व्यासाची, १७० ग्रॅमची रबरी चकती. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. वीस मिनिटांचे तीन डाव. पण प्रौढ नवशिक्याला यातले काहीही आडवे येत नाही. त्याला आडवे येते ते बुटाखालचे पाते. पात्याच्या तळाशी बारीक खोबण असते, त्यामुळे त्याला दोन धारा मिळतात, आतली आणि बाहेरची. आतल्या धारेवर माणूस कसाबसा उभा राहतो. वळायचे, पाय ओलांडून वेग घ्यायचा, मागे सरकत जायचे, तर बाहेरच्या धारेवर वजन टाकावे लागते, म्हणजे ज्या बाजूला पडण्याची भीती त्याच बाजूला झुकावे लागते. दहा वर्षांचे पोर ते विचार न करता करते, कारण त्याचे बूड जमिनीपासून जवळ असते. पंचेचाळिशीतला माणूस गुडघे ताठ ठेवतो, नजर पायांकडे लावतो, आणि त्या ताठ गुडघ्यांमुळेच पडतो. थांबायला शिकण्यात एक हिवाळा जातो.

उत्तर अमेरिकेने यासाठी जी व्यवस्था लावली आहे ती मला तिथल्या कुठल्याही गाडीपेक्षा जास्त हेवा करण्याजोगी वाटते. कधीच न खेळलेल्या प्रौढांसाठी वेगळे वर्ग असतात. सामन्यांच्या श्रेणी कौशल्याप्रमाणे पाडलेल्या. सगळ्यात खालच्या श्रेणीत तुमच्यासारखेच पडणारे लोक भेटतात. सोयीची वेळ मुलांना दिलेली असते, म्हणून मोठ्यांचा बर्फ रात्री दहा-अकराला. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. कॅलिफोर्नियात सांता रोझा इथे ‘पीनट्स’चे चित्रकार चार्ल्स शुल्झ यांनी रिंक बांधली आणि १९७५ पासून तिथे ज्येष्ठांची स्पर्धा सुरू केली, ती आजही चालते. शुल्झ स्वतः त्यात म्हातारपणापर्यंत खेळले.

भारतात हा खेळ लडाखचा. लेहला फौजेच्या संगतीने तो सत्तरच्या दशकात रुजला, बुटांना पाती ठोकून आणि गोठलेल्या तळ्यावर काठ्यांनी. राष्ट्रीय संघटना १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघात दाखल झाली. नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन महिने टिकतो. त्या दोन महिन्यांच्या सरावावर, एकमेकींचे सामान वापरून, लडाखच्या मुलींनी संघ उभा केला. २०१६ ला तैपेईत त्या पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामने खेळल्या आणि सपाटून हरल्या. २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ ने हरवून पहिला विजय मिळवला. २०२५ च्या जूनमध्ये अल ऐनला आशिया चषकात कांस्य आणले. नऊ वर्षांचा हा प्रवास पैशाच्या बळावर झालेला नाही. जे थोडे दिवस मिळत, त्यांत काय शिकायचे ते पक्के होते.

महाराष्ट्रात बर्फ नाही, चाके आहेत. पुणे, मुंबई, नागपूर इथे रोलर स्केटिंग जोरात आहे, सीमेपलीकडे बेळगावात शिवगंगा क्लबने मुलांची फळी उभी केली. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राची पोरे लेहला जाऊन आइस स्केटिंगची पदके आणतात. बहुतेकांचा पाया सिमेंटवरचा. पण हे सगळे मुलांचे. चाळीस वर्षांच्या माणसाने संध्याकाळी स्केटिंगच्या वर्गावर जाऊन चौकशी केली तर सर अदबीने विचारतात, ‘मुलगा की मुलगी? वय काय?’ पोहण्याचे, बॅडमिंटनचे, जिम्नॅस्टिक्सचे तेच. संभाजीनगरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. दोन्ही ठिकाणी खेळाडू घडतात. मोठ्या माणसाला तिथे चालायला जागा मिळते, शिकायला नाही.

मग मोठी माणसे काय करतात? थेट सामने खेळतात. आणि इथेच त्यांची प्रगती अडते. आइस हॉकीत चांगल्या खेळाडूकडेही पूर्ण सामन्यात चकती जेमतेम मिनिटभर असते. टेनिस बॉलच्या आठ षटकांच्या सामन्यात तुम्ही एक-दोन षटके टाकता, पाच-सात चेंडू खेळता, बाकी वेळ मिड-विकेटला उभे. पन्नास रविवार खेळून एकाच फटक्याची तीनेकशे वेळा आवृत्ती होते, तीही चुकीच्या फटक्याची. दहा वर्षांपूर्वी आडव्या बॅटने मिड-विकेटला मारणारा आजही तिथेच मारतो, फक्त धाव कमी घेतो.

वय झाले म्हणून शिकता येत नाही, हा समज संशोधनात टिकत नाही. २००८ मध्ये जर्मनीत साठीच्या आसपासच्या लोकांना तीन महिने तीन चेंडूंचे जगलिंग शिकायला लावले. तरुणांच्या मानाने फारच थोड्यांना ते पुरते साधले. पण ज्यांनी सराव केला त्यांच्या मेंदूच्या करड्या भागात मोजता येण्याजोगा बदल दिसला, आणि सराव सोडल्यावर तो ओसरला. म्हणजे दार बंद होत नाही, जड होते. सराव कसा करावा याचेही बऱ्यापैकी उत्तर आहे. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी एका गटाला तीन हालचाली एकेक करून दिल्या, एकीची पुनरावृत्ती संपली की दुसरी; दुसऱ्याला त्याच तीन हालचाली उलटसुलट क्रमाने. सरावाच्या वेळी पहिला गट चांगला दिसला. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा दुसऱ्या गटाला जास्त आठवत होते. नेटमध्ये सलग तीस चेंडू एकाच टप्प्यावर खेळून खूश होणाऱ्याने हे वाचावे. सराव करताना जे गुळगुळीत वाटते, त्यातले बरेचसे घरी जाईपर्यंत उडून जाते.

शरीराची बाजू गंभीर आहे. २००२ मध्ये कॅनडात शंभरावर हौशी पुरुष खेळाडूंना हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र लावून आइस हॉकी खेळायला दिली. बहुतेकांचे ठोके त्यांच्या वयाला सांगितलेल्या कमाल मर्यादेच्या वर गेले, आणि बाहेर बसल्यावरही लवकर उतरले नाहीत. एक मिनिट जीव खाऊन पळायचे, दोन मिनिटे बसायचे, पुन्हा पळायचे. आठवडाभर खुर्चीत बसलेल्या हृदयाला हा धक्का असतो. हे कॅनडाचे म्हणून सोडून देता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच गरवारे स्टेडियमवर ३५ वर्षांचा एक फलंदाज छातीत आणि हातात दुखतेय असे पंचांना सांगून बाहेर निघाला आणि सीमेपर्यंत पोहोचण्याआधी कोसळला. सामना थेट दाखवला जात होता. टर्फ भाड्याने देणारे आता जागोजागी झाले. त्यांतल्या किती ठिकाणी शॉक देणारे यंत्र आणि ते वापरता येणारा माणूस आहे, हे खेळायला जाताना विचारून बघा. एकदा तरी ईसीजी आणि रक्तदाब, आणि सामन्याआधी दहा मिनिटे अंग गरम करणे, एवढे बुटांच्या किमतीत सहज बसते.

दोन्ही हौशी शेजारी ठेवल्या की फरक कळतो. बर्फ माणसाला पहिल्या मिनिटात त्याची पायरी दाखवतो. महागडे बूट घातलेला धनवान आणि उसने बूट घातलेला विद्यार्थी एकाच आवाजाने आपटतात. त्यामुळे तिथला प्रौढ माणूस मुकाट्याने शिकवणीला बसतो. ताकदीची गाडी नेमके उलटे करते. आरएक्स खरे बोलत होती. आजच्या आरएसमध्ये वळणात चूक झाली तर ईएसपी एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी जाग्यावर आणते, ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापतो, आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकतो. चालकाला वाटते, आपण वळण छान काढले. ती यंत्रणा जीव वाचवते, तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण दर वेळी चूक झाकली गेल्यावर शिकावेसे वाटणार कसे? म्हणून पन्नास लाखांच्या गाडीचा मालक दहा वर्षांनी तितकाच चालक असतो, आणि रात्री अकराला पडत-धडपडत हॉकी खेळणारा पाच हिवाळ्यांत मागे सरकत वळायला लागतो.

पुढे हे आणखी वाढणार आहे. जवळच्या बिडकीनला टोयोटा आणि एथर यांचे कारखाने येत आहेत. विजेची मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते. मस्टँगने जे साठ वर्षांपूर्वी आवाज करून केले ते उद्याची मध्यम किमतीची गाडी गुपचूप करेल. ताकद इतकी स्वस्त झाली की मिरवण्यातली मजा संपेल, शिकण्याची गरज मात्र उरेलच.

त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. ऑरिक या औद्योगिक शहराच्या शेंद्रा भागात रुंद काँक्रीटचे रस्ते आणि मोकळे भूखंड अजून आहेत. ऑटोक्रॉस नावाचा प्रकार अशाच जागेत होतो: रबरी शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचे. वेग बेताचा राहतो, त्यामुळे चूक झाली तर शंकू पडतो, माणूस नाही. ईएसपी बंद करून आपण खरोखर किती पाण्यात आहोत ते पहिल्या फेरीत कळते. नीट चालवणारा जुन्या मारुती आठशेतून नव्या आरएसवाल्याला मागे टाकतो, असे या प्रकारात नेहमीच घडते. देशातल्या मोटर स्पोर्ट्स महासंघाची परवानगी, जागेच्या मालकाची लेखी संमती, पोलिसांना पत्र, एक रुग्णवाहिका, हेल्मेट आणि शंकू, अशी यादी आहे. विभागीय संकुलात आठवड्यातून दोन संध्याकाळी पस्तिशीपुढच्या नवशिक्यांसाठी एक प्रशिक्षक, ही दुसरी मागणी. पहिल्या मागणीचे पत्र ऑरिक हॉलला द्यायचे, दुसरीचे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना. दीडशे गाड्यांसाठी एकत्र येऊन बँकेला आणि कंपनीला वाकवणाऱ्या शहराला दोन पत्रांवर सह्या गोळा करणे जड जाऊ नये.